एसटीपीचं गणित नाशिकमध्ये करताना: नव्यांसाठी एकेक पायरी

वायूचं आकारमान सांगताना सोबत तापमान आणि दाब सांगितला नाही, तर तो आकडा निरुपयोगी असतो. जानेवारीत निफाडला पहाटे सहा अंश सेल्सिअसला बाटलीत भरलेली एक लिटर हवा घ्या आणि एप्रिलच्या दुपारी सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस अंशांना भरलेली एक लिटर हवा घ्या. दाब सारखा धरला तरी थंडीतल्या बाटलीत जवळपास तेरा टक्के जास्त रेणू असतात. बाटली तीच, लिटरही तोच, पण आतला माल वेगळा. क्रेट किती किलोचं ते न ठरवताच टोमॅटोचा भाव ठरवावा, तसला हा प्रकार आहे.

म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा आणि कारखाने आधी एक तापमान आणि एक दाब ठरवून घेतात, आणि मोजलेलं आकारमान त्या स्थितीत आणून मगच बोलतात. त्यालाच प्रमाण तापमान व दाब, म्हणजे एसटीपी म्हणायचं. पुस्तकात हा विषय अर्ध्या पानात संपतो. प्रत्यक्ष प्रॅक्टिकलला किंवा कंपनीत पहिल्या महिन्यात मात्र चांगल्या मार्कांनी पास झालेली मुलंही इथे अडखळतात. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि आता एमआयडीसीतल्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये करतो, आणि दोन्हीकडे गोंधळाच्या जागा त्याच दिसतात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षातले विद्यार्थी आणि सातपूर, अंबड, सिन्नरला नव्याने लागलेले केमिस्ट व युटिलिटीचे (कारखान्याला हवा, वाफ, पाणी पुरवणाऱ्या विभागाचे) ट्रेनी, या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

सुरुवातीला हाताशी काय ठेवायचं

- अर्ध्या अंशापर्यंत तरी वाचता येणारा थर्मामीटर
- बॅरोमीटर. लॅबमध्ये नसेल तर दाबाचा सेन्सर असलेला फोन
- पाण्याच्या बाष्पदाबाचा तक्ता, १५ ते ४० अंशांपर्यंतचा
- वापरत असलेल्या मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आणि डेटाशीट
- कारखान्यात असाल तर पर्चेस ऑर्डर किंवा स्पेसिफिकेशनची प्रत, कारण कोणती स्थिती धरायची हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं
- साधं सायंटिफिक कॅल्क्युलेटर

पायरी १. आधी विचारा: कोणतं एसटीपी?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधीच होतात. एसटीपी एकच आहे असं समजून मुलं पुढे जातात. प्रत्यक्षात नेहमी भेटणाऱ्या स्थिती अशा आहेत:

- जुनं एसटीपी: ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर, म्हणजे १०१.३२५ किलोपास्कल किंवा ७६० मिलिमीटर पारा. आदर्श वायूच्या एका मोलचं आकारमान २२.४१४ लिटर.
- आयुपॅकचं (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) एसटीपी: ० अंश सेल्सिअस आणि १ बार, म्हणजे १०० किलोपास्कल. मोलार आकारमान, म्हणजे एका मोलचं आकारमान, २२.७११ लिटर. ही शिफारस १९८२ सालची आहे.
- एनटीपी (नॉर्मल टेंपरेचर अँड प्रेशर): आजच्या अभियांत्रिकी वापरात बहुधा २० अंश आणि १ ॲटमॉस्फिअर. मोलार आकारमान २४.०५५ लिटर.
- एसएटीपी (स्टँडर्ड अँबियंट टेंपरेचर अँड प्रेशर): २५ अंश आणि १ बार. मोलार आकारमान २४.७९ लिटर.
- नैसर्गिक वायूचा स्टँडर्ड घनमीटर: १५ अंश आणि १०१.३२५ किलोपास्कल. मोलार आकारमान २३.६४५ लिटर.
- नॉर्मल घनमीटर: नावात नॉर्मल असलं तरी स्थिती ० अंश आणि १०१.३२५ किलोपास्कल, म्हणजे जुनं एसटीपीच.

शेवटच्या ओळीकडे नीट लक्ष द्या. एनटीपीत आणि नॉर्मल घनमीटरमध्ये ‘नॉर्मल’ हाच शब्द आहे, पण दोघांत २० अंशांचा फरक आहे. त्यातच आपल्याकडच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत एनटीपी म्हणजे ० अंश आणि ७६० मिलिमीटर असं दिलेलं सापडतं. म्हणून नावावर कधीच विसंबू नका. समोरच्याला सरळ विचारा, ‘तापमान किती धरलंय? दाब किती धरलाय?’ सप्लायर असो, सर असोत की वरिष्ठ, हे विचारण्यात कमीपणा नाही. उलट हा प्रश्न न विचारणाऱ्याचीच मला काळजी वाटते.

१९८२ चा बदल समजून घेणं सोपं आहे. १ ॲटमॉस्फिअर हा दाब समुद्रसपाटीच्या हवेवरून आला, आणि १९५४ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो १,०१,३२५ पास्कल असा पक्का केला. मोजमापांच्या तक्त्यांत हा वाकडा आकडा गैरसोयीचा होता, म्हणून आयुपॅकने सरळ एक लाख पास्कल, म्हणजे १ बार धरायला सांगितलं. फरक फक्त १.३ टक्क्यांचा आहे. पण २२.४ ची सवय इतकी जुनी, की आजही निम्मी पुस्तकं आणि बहुतेक शिक्षक तोच आकडा वापरतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात मात्र १ बार आणि २२.७ लिटर आहे.

परीक्षेत कोणता आकडा घ्यायचा? प्रश्नात दाब दिला असेल तर तोच घ्या. मोलार आकारमान दिलं असेल तर तेच. काहीच दिलं नसेल तर उत्तराच्या पहिल्या ओळीत आपण काय धरलंय ते लिहा आणि पुढे चला.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवू. ऊष्मागतिकीच्या तक्त्यांतली ‘प्रमाण अवस्था’ म्हणजे एसटीपी नव्हे. तिथे दाब १ बार असतो आणि तापमान वेगळं सांगितलेलं असतं, बहुतेक तक्त्यांत २९८.१५ केल्विन. एन्थाल्पीच्या गणितात २७३ घालू नका.

पायरी २. नाशिकचा खरा दाब शोधा

ही पायरी पुस्तकात नसते, कारण पुस्तक समुद्रसपाटी गृहीत धरून लिहिलेलं असतं. आपण समुद्रसपाटीवर राहत नाही. नाशिक शहर साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे पाऱ्याचे साधारण ७०५ मिलिमीटर. पावसाळ्यात थोडा कमी, हिवाळ्यात थोडा जास्त. ७६० इथे भेटत नाही. साधारण दर दहा मीटर चढल्यावर ०.१ किलोपास्कल कमी होतो, त्यामुळे त्र्यंबकेश्वरला शहरापेक्षा दाब कमी मिळतो आणि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर तर तो ८३ किलोपास्कलच्या जवळपास येतो.

आता सापळा. बरेच जण फोनमधलं हवामानाचं ॲप उघडतात. तिथे नाशिकसाठी १००८ हेक्टोपास्कल, म्हणजे १००.८ किलोपास्कल असं काहीतरी दिसतं. हा आकडा समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानखात्यांत ती पद्धतच आहे. त्यांच्या कामासाठी ती बरोबर आहे, आपल्या कामासाठी नाही. आपल्याला टेबलावरच्या नळीभोवतीच्या हवेचा दाब हवाय. तो त्या वेळी ९४० हेक्टोपास्कलच्या, म्हणजे ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो.

खरा दाब मिळवण्याचे मार्ग, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

कॅलिब्रेट केलेला डिजिटल बॅरोमीटर सर्वात सोयीचा. मात्र तो ‘समुद्रसपाटी’ मोडवर नाही ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा. काही उपकरणं उंची विचारतात आणि मग आकडा वाढवून दाखवतात.

कॉलेजच्या भिंतीवर फोर्टिनचा बॅरोमीटर असेल तर तो उत्तमच. खालचा स्क्रू फिरवून पाऱ्याचा पृष्ठभाग हस्तिदंती टोकाला जेमतेम टेकवा. टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलेलं दिसलं की थांबा. पाऱ्यात खळगा पडला तर स्क्रू जास्त फिरला आहे. मग व्हर्नियर पाऱ्याच्या फुगीर माथ्याला आणून वाचन घ्या. २७ अंशांना पारा प्रसरण पावलेला असतो, त्यामुळे ७०७ च्या वाचनातून सुमारे ३ मिलिमीटर वजा करावे लागतात. शिवाय आपल्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण प्रमाण मूल्यापेक्षा थोडं कमी आहे, त्यासाठी आणखी दीड मिलिमीटरच्या आसपास. प्रॅक्टिकलच्या जर्नलात पहिली दुरुस्ती जरूर दाखवा. कारखान्यात दोन्ही करा.

हे काहीच नसेल, तर दाबाचा सेन्सर असलेल्या फोनमध्ये कच्चा दाब दाखवणारं ॲप चालतं. शेवटचा उपाय म्हणजे हवामानाच्या ॲपमधल्या आकड्याला ०.९३ ने गुणणं. ढोबळ आहे, पण ७६० धरण्यापेक्षा कितीतरी बरं.

पायरी ३. तापमान वायूचं घ्या, खोलीचं नव्हे

अभिक्रियेत उष्णता बाहेर पडली असेल तर नळीतला वायू खोलीपेक्षा गरम असतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग थर्मामीटर नळीजवळच्या पाण्यात धरा. आलेल्या अंशांत २७३.१५ मिळवून केल्विन करा. सेल्सिअस तसंच सूत्रात घातलेलं मी अजूनही दर वर्षी पाहतो, आणि ० अंशाला आकारमान शून्य येतं तेव्हाच ते लक्षात येतं.

पायरी ४. पाण्याची वाफ वजा करा

वायू पाण्यावर गोळा केला असेल तर नळीत एकटा वायू नसतो, सोबत पाण्याची वाफ असते. एकूण दाबात तिचा वाटा असतो आणि तो तापमानावर ठरतो: २० अंशांना २.३४ किलोपास्कल, २५ ला ३.१७, २७ ला ३.५७, ३० ला ४.२४. तक्त्यातून आपल्या तापमानाचा आकडा घ्या आणि हवेच्या दाबातून वजा करा. राहिला तो कोरड्या वायूचा दाब.

वजा करण्याआधी नळीच्या आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा. त्यासाठी नळी वर-खाली सरकवा, किंवा ती उंच चंचुपात्रात बुडवा. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा दहा सेंटीमीटर वर राहिली, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास १ किलोपास्कल कमी असतो. डोळा पातळीच्या रेषेत आणून, पाण्याच्या वक्राच्या तळाशी वाचा.

पायरी ५. गणित

सूत्र एकच आहे:

एसटीपीचं आकारमान = मोजलेलं आकारमान × (कोरड्या वायूचा दाब ÷ प्रमाण दाब) × (२७३.१५ ÷ वायूचं केल्विन तापमान)

मॅग्नेशियमचं अणुवस्तुमान काढण्याचं उदाहरण घेऊ, कारण ते जवळपास प्रत्येक कॉलेजात होतं. ०.०३६ ग्रॅम मॅग्नेशियमची रिबीन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली. हायड्रोजन पाण्यावर गोळा केला. तापमान २७ अंश, नाशिकचा दाब ९४.३ किलोपास्कल, नळीतलं आकारमान ४०.७ मिलिलिटर.

कोरड्या हायड्रोजनचा दाब: ९४.३ − ३.५७ = ९०.७३ किलोपास्कल.
केल्विन तापमान: २७ + २७३.१५ = ३००.१५.
जुन्या एसटीपीला: ४०.७ × (९०.७३ ÷ १०१.३२५) × (२७३.१५ ÷ ३००.१५) = ३३.२ मिलिलिटर.
आयुपॅकच्या एसटीपीला: ४०.७ × (९०.७३ ÷ १००) × (२७३.१५ ÷ ३००.१५) = ३३.६ मिलिलिटर.

पहिला आकडा २२.४१४ सोबत वापरा, दुसरा २२.७११ सोबत. दोन्हींतून मोल सारखेच येतात, सुमारे ०.००१४८. एका मोल मॅग्नेशियममधून एक मोल हायड्रोजन निघतो, म्हणून ०.०३६ ला या मोलांनी भागलं की मॅग्नेशियमचं अणुवस्तुमान २४.३ निघतं. आकडे एकमेकांत मिसळले, म्हणजे ३३.६ ला २२.४१४ ने भागलं, तर उगाच १.३ टक्क्यांची चूक होते.

आता हेच गणित दाब ७६० धरून आणि वाफ न वजा करता केलं तर? ३७ मिलिलिटर येतात आणि अणुवस्तुमान २१.८ निघतं. वाफ वजा केली पण दाब समुद्रसपाटीचाच ठेवला तर २२.६. मुलं मग रिबीन अशुद्ध होती, वायू गळला, आम्ल जुनं होतं अशी कारणं जर्नलात लिहितात. वायू गळला असता तर आकारमान कमी आलं असतं आणि अणुवस्तुमान वाढलं असतं. इथे ते कमी आलंय. चूक कुठल्या दिशेला झाली हे बघितलं की कारण सापडतं, म्हणून उत्तर चुकलं की आधी ते कोणत्या बाजूला चुकलंय ते पाहा.

पायरी ६. उत्कलनबिंदू पाहताना हेच लक्षात ठेवा

पुस्तकातले उत्कलनबिंदू १ ॲटमॉस्फिअरचे असतात. नाशिकमध्ये पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर तपासायला उकळत्या पाण्यात घातला आणि ९८ दाखवला, तर तो बिघडलेला नाही. बर्फाच्या बिंदूवर हवेच्या दाबाचा फरक जाणवत नाही, त्यामुळे ० अंशाची तपासणी इथेही तशीच चालते. इथेनॉल ७८.४ ऐवजी साधारण ७६.५ ला उकळतं. वायनरीच्या लॅबमध्ये अल्कोहोलचं प्रमाण एबुलिओमीटरवर (उत्कलनबिंदूवरून अल्कोहोल मोजणाऱ्या उपकरणावर) काढत असाल, तर नमुना घालण्याआधी डिस्टिल्ड पाण्याचा उत्कलनबिंदू घ्यायला सांगतात तो याचसाठी. सकाळी घेतलेलं वाचन, हवा बदलली की दुपारी पुन्हा घ्या.

पायरी ७. कारखान्यातले सापळे

इथे चुकीची किंमत पैशांत मोजली जाते, म्हणून जरा सविस्तर.

*गेज आणि निरपेक्ष दाब.* प्रेशर गेज बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे ते दाखवतं. सूत्रात निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे गेजचा आकडा अधिक बाहेरच्या हवेचा दाब. गेजवर ७ बार असेल तर नाशिकमध्ये निरपेक्ष दाब ७.९४ बार, मुंबईत ८.०१. सवयीने १.०१३ मिळवू नका, इथला ०.९४ मिळवा.

*व्हॅक्यूम गेज.* आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी आहे ते हे गेज दाखवतं. त्याच्या तबकडीवर ७६० मिलिमीटरपर्यंत खुणा असतात. नाशिकमध्ये पंप कितीही चांगला असला तरी काटा ७०५-७१० च्या पुढे जाऊ शकत नाही, कारण बाहेर हवाच तेवढी आहे. काटा ७०० वर थांबला म्हणून पंप कमजोर ठरवून सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी त्या दिवसाचा बॅरोमीटर वाचा. ७०० म्हणजे आत फक्त पाच-सात मिलिमीटर दाब उरलेला असू शकतो, आणि ते उत्तम व्हॅक्यूम आहे. ट्रेनीला निरपेक्ष दाबाचं महत्त्व पटवायला मी याच गेजसमोर उभं करतो.

*कॉम्प्रेसर आणि ब्लोअरची क्षमता.* कॅटलॉगमध्ये तासाला १०० नॉर्मल घनमीटर लिहिलंय. नाशिकची ३५ अंशांची हवा ९४.३ किलोपास्कलला आत ओढायची, तर तेवढ्याच मालासाठी १०० × (१०१.३२५ ÷ ९४.३) × (३०८.१५ ÷ २७३.१५) = सुमारे १२१ घनमीटर ओढावी लागते. हवेतली आर्द्रता धरली तर अजून थोडी जास्त. एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे कॉम्प्रेसर देतो ती हवा बाहेरच्या स्थितीत मोजून) हा आकडा वेगळा असतो: आयएसओ १२१७ मध्ये संदर्भस्थिती १ बार, २० अंश आणि कोरडी हवा अशी आहे. दोन कोटेशनांत एकाने नॉर्मल घनमीटर आणि दुसऱ्याने एफएडी दिली असेल, तर दोन्ही एकाच स्थितीत आणल्याशिवाय तुलना करू नका. अमेरिकी कॅटलॉगमधला एससीएफएम (मिनिटाला स्टँडर्ड घनफूट) बहुधा ६० अंश फॅरनहाइट आणि १४.७ पीएसआयचा, म्हणजे १ ॲटमॉस्फिअरचा असतो. काही जण ६८ अंश धरतात, म्हणून तळटीप वाचा. १ नॉर्मल घनमीटर म्हणजे ६० अंशांचे सुमारे ३७.३ स्टँडर्ड घनफूट.

*रोटामीटर.* उभ्या नळीतल्या तरंगत्या गोट्यावरून वायूचा प्रवाह दाखवणारा हा मीटर. काचेच्या नळीवरची पट्टी एका ठरावीक दाब-तापमानाला कॅलिब्रेट केलेली असते आणि ती स्थिती नळीवर किंवा सर्टिफिकेटवर छापलेली असते. आपली स्थिती वेगळी असेल तर स्टँडर्ड प्रवाहासाठी दुरुस्ती गुणोत्तराच्या वर्गमुळाने होते: वाचन × √[(आपला निरपेक्ष दाब ÷ कॅलिब्रेशनचा दाब) × (कॅलिब्रेशनचं तापमान ÷ आपलं तापमान)], दोन्ही तापमानं केल्विनमध्ये. वर्गमूळ न घेता सरळ गुणोत्तर लावणं ही नेहमीची चूक.

*मास फ्लो कंट्रोलर.* हा वायूचा प्रवाह मोजतो आणि ठरावीक ठेवतो. पडद्यावर एससीसीएम (मिनिटाला स्टँडर्ड घन सेंटीमीटर) दिसतं. त्यामागची स्थिती काही कंपन्या ० अंश धरतात, काही २० किंवा २५. ० आणि २५ मध्ये नऊ टक्क्यांचा फरक पडतो. जुना काढून नवा बसवला आणि रिॲक्टरचं वागणं बदललं, तर आधी दोघांच्या मॅन्युअलमधलं हे पान उघडा.

पायरी ८. नोंद कशी लिहायची

लॉगबुकात नुसतं ‘३३.२ मिली, एसटीपी’ लिहू नका. असं लिहा: ‘३३.२ मिली, कोरडा वायू, ० अंश से., १०१.३२५ किलोपास्कल’. खालच्या ओळीत कच्ची वाचनं: मोजलेलं आकारमान, वायूचं तापमान, बॅरोमीटरचं वाचन, वेळ आणि बॅरोमीटरचा क्रमांक. कच्ची वाचनं असली की दुसऱ्याच स्थितीचा आकडा मागणाऱ्या ग्राहकाला पाच मिनिटांत नवं उत्तर देता येतं. ती नसतील तर प्रयोग पुन्हा करावा लागतो.

एक्सेल शीट बनवत असाल तर प्रमाण दाब आणि प्रमाण तापमान सूत्राच्या पोटात टाकू नका. त्यांना वेगळे रकाने द्या, सगळ्यात वर, ठळक. स्थानिक दाबाचा रकाना रोज हाताने भरायचा ठेवा आणि त्यात १०१.३२५ आधीच भरून ठेवू नका. रकाना रिकामा असेल तर शीटने उत्तरच देऊ नये, अशी अट घाला.